सायीच्या रंगाची कड

मंडळी, ऐका. पुढं सरकून बसा, मागं बायामाणसं उभी आहेत. मृदंगबुवा, जरा हात थांबवा. आज आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर आलं नाही तरी चालेल, मलाही ते बरेच दिवस येत नव्हतं.

प्रश्न असा. एखाद्या माणसाचा डाग आपल्याला मोठा दिसतो. तो डाग मोठा असतो म्हणून दिसतो — की आपण त्या माणसाला कशाच्या शेजारी उभं करतो, त्यामुळं दिसतो?

लगेच माना हलवू नका! पहिल्या रांगेतले आबा केव्हाचे मान हलवतायत, पण त्यांचे डोळे मिटलेले आहेत. त्यांना तसंच राहू द्या.

आजचं आख्यान नखांचं आहे. हां, लगेच खांब फोडून बाहेर आलेला नरसिंह आठवला ना? ती नखं नव्हेत. ही बाईच्या हातावरची. रंगवलेली. आणि त्यातही सगळं भांडण एकाच रंगाचं — पांढऱ्याचं.

माझ्या चुलतभावाची सून आहे, केतकी मगदूम. सांगलीत एका खोलीचं तिचं दुकान. तिथं केस नाहीत, भुवया नाहीत, फक्त नखं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, नुसत्या नखांवर संसार चालतो? आमच्या घरात नेलकटर हरवलं तर आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही! पण मंडळी, चालतो. लग्नसराईत तर पोरींना तिथं जागा मिळत नाही.

तिच्याकडं एक प्रकार असतो, फ्रेंच मॅनिक्युअर म्हणतात. नखावर खाली पातळ गुलाबी थर, आणि टोकाला पांढरी बारीक कड. बस, एवढंच. तो रंग म्हणजे जेल — पाकासारखा दाट. लावायचा आणि छोट्या निळ्या दिव्याखाली हात धरायचा, की वाळून कडक. मग भांडी घासा, धुणं धुवा, दोन-तीन आठवडे हलत नाही.

मी विचारलं, "पोरी, पांढरी कड तर पांढरी कड, मग या एवढ्या बाटल्या कशाला?" ती म्हणाली, "मामंजी, हे अकरा पांढरे आहेत." अकरा! मला वाटलं, गिऱ्हाइकाला गंडवायचा धंदा. तिनं एका कडीत अडकवलेल्या नमुन्याच्या पट्ट्या काढल्या आणि माझ्या धोतरावर धरल्या. मंडळी, सकाळी पांढरंशुभ्र म्हणून नेसलेलं धोतर — त्या पहिल्या पट्टीशेजारी चहात बुडवल्यागत दिसायला लागलं. घरी येऊन मी आमच्या मंडळींना विचारलं, हे धोतर तू कशानं धुतेस? त्यांनी जे उत्तर दिलं ते देवापुढं सांगण्यासारखं नाही.

तर त्या अकरांपैकी दोनच आज आपल्याला लागणार आहेत. एक अगदी कडक पांढरा, किंचित निळसर, नवीन ट्यूबलाइटसारखा. त्याला केतकी 'शुभ्र' म्हणते. दुसरा तापलेल्या दुधावर येते ना, त्या सायीचा. त्याला ती 'साय' म्हणते. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे आख्यान कळेल.

केतकीच्या दुकानात एक दिवस एक मुलगी आली. प्रणिता खराडे. सत्तावीसेक वर्षांची, सरळ बोलणारी, पण आत आल्यापासून दोन्ही हात ओढणीखाली. केतकीनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. ग्लाससुद्धा तिनं ओढणीतून धरला. नखं करून घ्यायला आलेली बाई हात दाखवत नाही म्हटल्यावर केतकीला नवल वाटलं. पण तिनं विचारलं नाही, वाट बघितली.

मग हळूहळू कळलं. प्रणिता हळदीच्या गिरणीत कामाला. कुठलं काम? प्रतवारीचं. पोती उतरली की हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, चिमूटभर पूड बोटांत चोळायची, वास घ्यायचा, आणि सांगायचं हा माल कितव्या नंबरचा. सहा वर्षं हेच. तिनं सांगितलेली प्रत व्यापारी दुसऱ्यांदा तपासायचे नाहीत, एवढा तिच्या हाताचा भरवसा. पण सहा वर्षं हळद चोळल्यावर काय होणार? नखं पिवळी. नखांच्या कडा पिवळ्या. बोटांच्या पेरांतल्या रेघासुद्धा पिवळ्या. लिंबू झालं, बेसन झालं, रॉकेलसुद्धा झालं. जात नाही.

आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, बरं का! गिरणीत सगळ्यांचेच हात तसे. वाटायला लागलं ते साखरपुड्याला.

स्थळ पुण्याचं, भोईटे. मुलगा ऋतुराज, चांगला शिकलेला, पोरगी त्याला मनापासून पसंत. साखरपुड्याला त्याची आई, शैलजाताई, ओटी भरायला उभी राहिली. प्रणितानं पदर पसरला. शैलजाताईंचं लक्ष बोटांकडं गेलं आणि भरल्या मांडवात त्या म्हणाल्या, "हे काय गं? काविळीबिविळीचं काही नाही ना?"

झालं. चार बायका हसल्या. एक म्हणाली, रक्त तपासून घ्या बाई आधी. त्यांना वाटलं गंमत झाली. शैलजाताईसुद्धा दुष्ट बाई नव्हेत हो! बोलून गेल्या आणि विसरल्या. बोलणारा विसरतो मंडळी, हे आपल्याला चांगलं माहीत आहे, कारण आपणही असंच कुठंतरी बोलून विसरलेलो असतो.

साखरपुड्याच्या एकाही फोटोत त्या मुलीचे हात नाहीत. अंगठी घातल्याच्या फोटोतसुद्धा बोट पदराच्या आत. केतकीला ते फोटो तिनं मोबाइलवर दाखवले आणि म्हणाली, "केतकीताई, लग्नात मला हात लपवायचे नाहीत. तुमच्याकडचा सगळ्यात पांढरा पांढरा लावा. असा, की बघणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये."

केतकीनं तिचे हात हातात घेतले. बघितले. आणि तिथंच तिला कळलं की हा 'शुभ्र' या हातांवर नको. रोज पाच-सहा बायांचे हात हाताळणारी पोरगी, तिला कळणारच. पण सांगायचं कसं? तुझे हात पिवळे आहेत, त्यावर हा चांगला नाही दिसायचा — म्हणजे पुन्हा तेच वाक्य, फक्त काविळीशिवाय! जिथं शिकली त्या कोल्हापूरच्या बाई सांगायच्या, गिऱ्हाईक मागेल ते लाव, वाद घालू नको. केतकीला ते त्या दिवशी बरं वाटलं. कारण खरं बोलण्यापेक्षा मागितलेलं देणं सोपं असतं. ती म्हणाली, आज एका बोटाला लावून बघू, आवडला तर लग्नाला दहाही करू.

लावला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. खाली गुलाबी, टोकाला शुभ्र. दिव्याखाली हात धरला, वाळला. कड कशी — सुरीनं कापल्यागत स्वच्छ! केतकीचं काम होतंच तसं.

प्रणितानं हात लांब धरून बघितला. जवळ आणून बघितला. आणि हळूच तो हात मांडीखाली घातला.

केतकीनं मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मामंजी, ती रडली असती तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं." कड पांढरी झाली होती, पण त्या कडेशेजारी बाकीचं बोट असं पिवळं उठून दिसत होतं की पूर्वी कधी दिसलं नव्हतं. केतकीनं गुलाबी थर जाड घेऊन बघितला. नख झाकलं. बोटाची कातडी कशी झाकणार?

शेवटी प्रणिताच बोलली, आणि बोलली ती गिरणीतलं. "केतकीताई, आमच्याकडं टेबलावर कोऱ्या कागदाचा गठ्ठा असतो. एकदम पांढऱ्या. भाव करायचा असला की हळदीची चिमूट त्या कागदावर ठेवायची. तळहातावर ठेवली तर कळत नाही, पोत्यावर ठेवली तर कळत नाही. पांढऱ्यावर ठेवली की जेवढं पिवळं असेल तेवढं सगळं वर येतं." मग हात मांडीखालून काढून म्हणाली, "सहा वर्षं मी हेच करतीय, आणि आज स्वतःच्याच बोटाला कागद लावून घेतला."

पेटीवाले, एक सूर धरा. मंद. हां.

बघा मंडळी, विद्या तिच्याजवळच होती! रोज त्याच विद्येवर ती पोट भरत होती. पण गोष्ट स्वतःवर आली की शिकलेलं कुठं जातं कुणास ठाऊक. मी इथं उभा राहून तुम्हाला सांगतो राग सोडा, आणि घरी गेल्यावर चहात साखर कमी पडली की — जाऊ द्या, आमच्या मंडळी आज कीर्तनाला आल्यात, मागं बसल्यात.

मग केतकीला धीर आला. तिनं ती नमुन्यांची कडी घेतली आणि एकेक पट्टी प्रणिताच्या बोटाशी धरली. दुधी धरला, मोत्याचा धरला, तांदळाच्या पिठासारखा एक होता तो धरला. दोघी खिडकीशी उभ्या, उन्हात, आणि जणू लाखाचा सौदा चाललाय अशा बघतायत. शेवटी साय धरली. तर काय झालं? काहीच झालं नाही! हात हातासारखा दिसला. कड पांढरीच, पण ती बोटाशी भांडत नव्हती. पिवळेपणा गेला नव्हता हं, मी खोटं सांगणार नाही. तो होता तिथंच होता. फक्त आता आधी हात दिसत होता आणि मग रंग.

"हाच," प्रणिता म्हणाली.

केतकीनं तिला बजावलं की लग्नाची हळद लागायच्या आधी नखं करायची नाहीत. जेलच्या पांढऱ्याला हळद चिकटली की निघत नाही. हळद झाली, आंघोळ झाली, की मी कार्यालयात येईन, दुपारी करू, दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला ताजी.

आलं लग्न. सांगलीचंच कार्यालय. आदल्या दिवशी सकाळी हळद. पहिल्यांदा नवऱ्याला लागली. मग त्याची उष्टी हळद नवरीकडं जायची, ती वाटी घेऊन कोण आलं? खुद्द शैलजाताई! हौशी बाई. एकुलता मुलगा. हिरवी पैठणी, गजरा, आणि पुण्याच्या मोठ्या दुकानातून आदल्याच दिवशी करून आणलेली नखं — फ्रेंच! दहाच्या दहा, कडक शुभ्र. कुणी कौतुक केलं की हात पुढं करून दाखवत होत्या.

आणि हळद कुठली? प्रणिताच्या गिरणीची. तिनं स्वतः निवडलेली, पहिल्या प्रतीची. पुण्याच्या बाईंना वाटलं पाकिटातली असते तशीच ही हळद. पाची बोटं वाटीत घातली, सुनेच्या गालाला लावली, हाताला लावली, पायाला लावली, विहिणीला फासली, फोटो काढले. तास झाला, दीड तास झाला. मग हात धुवायला गेल्या.

बायांनो, तुम्हीच सांगा हळदीला साबण लावला की काय होतं? — बघा, या बाजूनं लगेच उत्तर आलं, पुरुष गप्प! लाल होतं. शैलजाताईंनी घाबरून साबण चोळला, तर पिवळ्या कडांना वीट उगाळल्यासारखा रंग आला. धुतलं तर पुन्हा पिवळं. घासलं तर चट्टे. दुसऱ्या दिवशी पाचशे माणूस येणार, सूनमुख बघायचंय, सगळे फोटो हातांचे.

दुपारी नवरीच्या खोलीत केतकी दिवा मांडून बसली होती. प्रणिताच्या नऊ बोटांना साय लागली होती, शेवटचा अंगठा चालला होता. दार लोटून शैलजाताई आल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. केतकीनं बघितलं आणि तिला साखरपुड्याचा फोटो आठवला. तेच! तोच पदर, तीच पद्धत. फक्त बाई दुसरी.

शैलजाताई हळू आवाजात म्हणाल्या, की काही औषध असेल तर बघा, हे काढून पुन्हा करता येईल का. आणि हात बाहेर काढले. नखं तर बिघडलीच होती, पण बोटंही पेरांपर्यंत पिवळी. मग बाटल्यांकडं बोट करून म्हणाल्या, "तो पहिला आहे ना, एकदम पांढरा, तोच लावा. माझा तोच होता."

आता ऐका. इथं आख्यान एका बाटलीवर येऊन थांबलंय.

केतकीला माहीत होतं तो लावला तर काय होणार. एका बोटावर तिनं बघितलं होतं. उद्या भर मांडवात दहा पांढऱ्या कडा, आणि त्यांच्यामागं दहा पिवळी बोटं ओरडून सांगणार. कुणीतरी विचारणार, काय हो, कावीळ वगैरे? आणि दोष कुणाचा? कुणाचाच नाही! गिऱ्हाइकानं मागितला, हिनं लावला. जगात कुणाला कळलं नसतं. प्रणिताचे ते फोटो तिच्या डोळ्यांपुढं होते, आणि मंडळी, माझ्या चुलतभावाच्या सुनेनं हात पुढं केला आणि ती शुभ्रची बाटली उचलली. झाकणसुद्धा फिरवलं.

हे तिनंच मला सांगितलं, खाली मान घालून. नाहीतर मला कोण सांगणार?

तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "केतकीताई, तो नको. आईंना साय लावा. बोटांना हळद लागलीय, त्याच्याशेजारी तो बरा दिसायचा नाही."

केतकीचा हात तिथंच थांबला. तिनं झाकण परत लावलं. शैलजाताईंनी आधी त्या बाटलीकडं बघितलं, मग सुनेच्या नखांकडं, त्या सायीच्या कडांकडं, आणि मग तिच्या बोटांकडं. बराच वेळ बघितलं. त्यांना तो ओटीचा दिवस आठवला असावा, कारण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलले, त्याचा तुला राग आला नव्हता?"

"आला होता," प्रणिता म्हणाली. "अजून आहे थोडा."

"मग?"

"मग काय आई, राग आहे म्हणून उद्या तुम्हाला हात लपवायला लावू? मी चार महिने लपवलेत. फार वाईट असतं ते."

शैलजाताईंचे डोळे भरून आले, आणि पुसायलाही हात मोकळे नव्हते, कारण केतकीनं ते धरून जुना रंग काढायला घेतला होता. मग नवरीनंच आपल्या पदरानं पुसले. अंगठा तेवढा वर धरून, कारण त्याचा रंग ओला होता! दोन तास त्या तिघी त्या खोलीत होत्या. काय बोलल्या ते केतकीनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सूनमुख बघायला पुण्याकडची मंडळी गोळा झाली. त्यांच्यातली शैलजाताईंची एक चुलत नणंद प्रणिताचा हात हातात घेऊन म्हणाली, अगंबाई, हिची बोटं अशी पिवळी का? शैलजाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आपला हात सुनेच्या हाताला लावून धरला आणि म्हणाल्या, "माझीही बघ की. आमच्या घरात आता हळद आलीय."

तो फोटो केतकीच्या दुकानात लावलाय. चेहरे नाहीत, दोन हात फक्त. कुठला कुणाचा, मला अजून ओळखता येत नाही.

तर मंडळी, माझा पहिला प्रश्न राहिलाय. डाग मोठा असतो, की शेजारचा कागद?

आपण माणसं बघतो ना — सून बघतो, जावई बघतो, पोरांचे मास्तर, शेजारी, सख्खा भाऊ — प्रत्येकाच्या खिशात एकेक पांढरा कागद असतो. आपलं घर, आपली रीत, आपलं शिक्षण. समोरच्याला त्यावर ठेवायचं आणि बघायचं किती पिवळा निघतो. बाजारात ते ठीक आहे, तिथं भाव करायचा असतो. घरात कशाला आणता तो कागद? आणि मी नुसतं तुम्हालाच बोलत नाही. केतकीनं हे सांगितल्यावर मला माझा धाकटा भाऊ आठवला. बारा वर्षं मी त्याला माझ्या शेजारी ठेवून मोजत होतो, आणि म्हणत होतो, हा असा कसा. परवा त्याच्या घरी जाऊन आलो.

आता एक करा. आपापले हात वर धरा. सगळ्यांनी. आबा, तुम्हीही, उठा! आज चंपाषष्ठी, आपण या खंडोबाच्या पायरीशी बसलोय, सकाळपासून भंडारा उधळतोय. बघा बोटं. माझी पिवळी, मृदंगबुवांची पिवळी, पाटलांची पिवळी, झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंची पिवळी. गाभाऱ्यात बघा, देव पायापासून मुकुटापर्यंत पिवळा. सकाळपासून इथं कुणी कुणाला कावीळ विचारली?

नाही ना? मग आरती झाली की याच हातांनी घरी जा. आणि दारात जो कुणी उभा असेल त्याच्याकडं हे हात धुवायच्या आधी एकदा बघा.